विषय : संगणकास वारंवार येणाऱ्या तापाबाबत

१ मार्च, शनिवार

आजपासून अभ्यासिकेचा चार्ज माझ्याकडे. शेषेराव सरांनी (निवृत्त मुख्याध्यापक, अभ्यासिकेचे अध्यक्ष) किल्ली दिली. किल्लीला सुतळी बांधलेली होती. बदलणार.

परिस्थिती अशी : मुखेडमधली एक खोली, अठरा खुर्च्या, स्पर्धा परीक्षा देणारी बावीस मुलंमुली, एक संगणक. ९ एप्रिलला नांदेडहून समिती येणार. त्यांच्यासमोर संगणक सलग एक तास चालायला हवा आणि मुलांनी त्यावर सराव परीक्षा देऊन दाखवायला हवी. चालला तर माझ्या नावाने नेमणुकीचा आदेश निघेल. नाही चालला तर खोलीत पूर्वीसारखा कॅरम येईल. सर हे हसत म्हणाले, पण मला कळलं.

आमच्या घरात याआधी एकच आदेश आलेला आहे. रस्ता रुंद करताना पुढची भिंत पाडायचा.

संगणक चालू करून पाहिला. लातूरच्या सप्लायरकडून आला आहे. नवा कोरा. आवाज जीपसारखा. दणकट असावा.

आबा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमाल आहेत. संध्याकाळपर्यंत त्यांनी निम्म्या मोंढ्याला सांगून टाकलं की पोरीला हापिस मिळालं. मी म्हटलं, आबा, अजून आदेश निघायचा आहे. ते म्हणाले, "निगंल की. यम्मेस्सी झालीस ना तू." बीएस्सी झाले. पण दुरुस्ती केली नाही. त्यांचा चेहरा फार चांगला दिसत होता.

संकल्प : तोंडी काही ऐकून घ्यायचं नाही. सगळं लेखी. प्रत्येक अर्जावर चोवीस तासांत निर्णय.

४ मार्च, मंगळवार

अर्ज क्रमांक १ आला. रूपालीने आणून दिला. (रूपाली आमच्याच गल्लीतली, पहिलीपासून माझ्या बाकावर. पोलीस भरतीची तयारी करते.) खाली सहा जणांच्या सह्या. विषय : अभ्यासिकेतील आवाजाबाबत.

विषय वाचला आणि पुढचं सगळं कळलं. खुर्च्या ओढणं, मोबाइल, खिदळणं. मलाही हेच खटकत होतं. वर लिहिलं : मंजूर. खाली सही, तारीख.

मग त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. आमच्या घरात पणजोबांपासून सगळ्यांनी अर्ज दिले. घरकुलासाठी, जमिनीसाठी, आजीच्या नावात झालेली चूक दुरुस्त व्हावी म्हणून. ती चूक आजी गेल्यावर दुरुस्त झाली. आज पहिल्यांदा या घरातल्या माणसाने दुसऱ्याच्या अर्जावर 'मंजूर' लिहिलं. आणि तेही त्याच दिवशी.

५ मार्च, बुधवार

सकाळी भिंतीवर सूचना लावली : शांतता पाळा. आदेशावरून.

दुपारी सरांकडे रजिस्टर दाखवायला गेले होते. परत आले तर अभ्यासिकेत विलक्षण शांतता! संगणक चालू आहे की बंद, हे पडद्याकडे बघूनच कळावं, इतकी. एका कागदाचा एवढा परिणाम होईल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

दारात रुद्रेश भेटला. हातात स्क्रूड्रायव्हर. (रुद्रेशचं एसटी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बारावी. संध्याकाळी तलाठी परीक्षेचा अभ्यास करायला येतो, खिडकीजवळची अकरा नंबरची खुर्ची.) म्हणाला, "ताई, पंख्याचं जरा सांगायचं व्हतं—" मी त्याला तिथेच थांबवलं. जे असेल ते लेखी द्या. तो इकडेतिकडे बघत राहिला, मग ट्रेमधल्याच कुठल्याशा कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहून ठेवून गेला. लोकांना कोरा कागद घ्यायचीही शिस्त नाही.

ट्रेमधले सगळे कागद फाइलला लावले.

८ मार्च, शनिवार

दुपारी सव्वातीनला संगणकाने अलार्म दिला. पीं-पॉं, पीं-पॉं, अँब्युलन्ससारखा. मग आपोआप बंद. दोघींनी पुस्तकं उचलून बाहेर धाव घेतली.

मी सगळ्यांना शांत केलं. पडद्यावर तापमानाबद्दल काहीतरी आलं होतं. मार्च महिना आहे, तापमान वाढणारच. पुन्हा चालू केला. बावीस मिनिटांनी पुन्हा तेच.

सकाळी चालू करताना अलीकडे पडद्यावर एक इंग्रजी ओळ येते. फॅनबद्दल आहे. एफ वन दाबलं की जाते. रोज दाबते. अशा ओळींना घाबरणारे लोक वेगळे.

११ मार्च, मंगळवार

आज पाच अलार्म. शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. माय अंगणवाडीत मदतनीस आहे, तिच्याकडून थर्मामीटर आणलं आणि कॅबिनेटला टेकवलं. आकडाच उमटेना. त्याच्या कुवतीबाहेर गेलं.

झाडायला येणाऱ्या केवळाबाई हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, लई ताप हाय याला. माझ्या नातवाला असाच आल्ता. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठिव." मी त्यांना प्रोसेसर, वीज आणि उष्णता यांचा संबंध दहा मिनिटं समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाव. पट्टी घट पिळून ठिव म्हंजे झालं."

दुपारी जेवून आले तर कॅबिनेटवर ओलं फडकं. घट्ट पिळलेलं. नोंद : अलार्म दोन मिनिटं उशिरा आला.

फडकं काढलेलं नाही. निरीक्षणासाठी.

१३ मार्च, गुरुवार

सगळे एकच म्हणत आहेत : उघडून बघ. रूपाली तर सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं प्रिया, खोलून तर बघ बये. तू कॉम्प्युटरची बीएस्सी हायस का संस्कृतची?" सगळे हसले. रुद्रेशही हसला, मग म्हणाला, "ताई, मी बघू का? पंख्याचंच—" मी म्हटलं, लेखी.

न उघडण्याचं कारण स्पष्ट आहे. मागे कंपनीचं सील असतं. सील तोडलं तर वॉरंटी जाते.

दुसरं कारण फक्त इथे लिहिते. आमच्या कॉलेजात उघडलेला कॅबिनेट काचेच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या सरांबरोबर गेली होती. प्रॅक्टिकलची वही मी ज्योत्स्नाच्या वहीवरून उतरवली. ज्योत्स्नाने तिच्या सीनियरच्या. आतला पंखा मी निळ्या स्केचपेनने काढला होता, पाच पाती. दहापैकी नऊ मार्क.

पण थिअरी पक्की आहे. थिअरी असली की बाकीचं येतं.

१७ मार्च, सोमवार

लातूरच्या सप्लायरला फोन. तिकडच्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम, आतला पंखा फिरतो का? मी म्हटलं, फिरतच असणार. तो म्हणाला, बघून सांगा. मी म्हटलं, मी बीएस्सी आहे, कॉम्प्युटर सायन्स. तो म्हणाला, बरं, मग बघून सांगा.

पदवीधराला असले प्राथमिक प्रश्न. फोन ठेवला.

कॉलेजच्या एचओडी सरांना मेसेज केला होता. निरोप समारंभात ते म्हणाले होते, अडचण आली तर अर्ध्या रात्री फोन करा. आज सकाळी अकराला उत्तर आलं : कोण? फोटो पाठवला, बॅच सांगितली. त्यावर अंगठा आला. मग काही नाही.

२० मार्च, गुरुवार

आज मला सगळं कळलं. मुद्देसूद लिहिते.

एक. खाली पेन पडलं म्हणून टेबलाखाली गेले आणि कॅबिनेटची मागची बाजू प्रथमच पाहिली. सील कापलेलं आहे. ब्लेडने, सरळ. म्हणजे कुणीतरी आत हात घातला आहे.

दोन. अलार्म रजिस्टरवरून तक्ता केला. एकूण अलार्म सव्वीस. त्यांपैकी तेवीस वेळा रुद्रेश खोलीत हजर. अलार्म वाजला की केवळाबाई लगेच त्याला दुकानातून बोलावून आणतात, त्यामुळे त्याच्या येण्याच्या वेळांची नोंद अगदी अचूक आहे.

तीन. ५ मार्चला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात होता. तोपर्यंत संगणक नीट चालत होता.

आकडे खोटं बोलत नाहीत. ज्याला मी अकरा नंबरची खुर्ची दिली, खिडकीजवळची, वारा येतो ती, त्याने हे करावं. कशासाठी? खुर्चीसाठीच. माझ्या.

रूपालीला विश्वासात घेऊन सांगितलं. ती पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "रुद्रेश? अगं त्यानं तर... जाऊ दे. फाइल बघ तुझी." पुढे काही सांगेना. दोघं मिळालेले आहेत. चौथीत हिला मी माझं कंपास दिलं होतं.

२४ मार्च, सोमवार

अर्ज क्रमांक ७. अर्जदार : रुद्रेश. विषय : नवीन पंखा बसविण्यास परवानगी मिळणेबाबत. म्हणे नांदेडहून पंखा आला आहे, पाच मिनिटांचं काम आहे.

त्याला पुन्हा मशीन उघडायचं आहे, हे उघड आहे. नामंजूर करणार होते, पण मग तो सावध होईल. शेरा : प्रलंबित.

२७ मार्च, गुरुवार

सरांच्या घरचा कूलर आणला आणि तोंड संगणकाकडे केलं. निकाल उत्साहवर्धक. अलार्म एकतिसाव्या मिनिटाला. हजेरी बावीसवरून चाळीस. त्यांतले अठरा कुठल्याच परीक्षेचे नाहीत. एक काका तर कूलरसमोर पाय सोडून झोपले होते. मी उठवलं तर म्हणाले, "वाचून राहिलो ना बाई."

हजेरीपट दमट झाला. शाई पसरली. निम्मी नावं वाचता येत नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

कूलर परत. सरांच्या घरी पाहुणे आले.

नवी योजना : बारा मिनिटं चालवायचा, चाळीस मिनिटं विश्रांती. त्या हिशेबाने एक तास पूर्ण व्हायला पावणेचार तास लागतील. समिती तोपर्यंत जेवून येऊ शकते. सरांना वेळापत्रक दाखवलं. सर म्हणाले, सलग म्हणजे सलग, बेटा.

आठ दिवस राहिले. आबांनी मायला नवं लुगडं नेसून ९ तारखेला अभ्यासिकेसमोरून सहज जायला सांगितलं आहे. सहज.

घात करणारा मोकळा फिरत असताना मी वेळापत्रकं करत बसणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सरांकडे लेखी तक्रार दाखल केली. चार पानं, तक्ता, सीलचा फोटो. सरांना लेखी गोष्टींबद्दल आदर आहे. पूर्ण वाचली, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि लगेच पत्र काढलं : श्री. रुद्रेश यांना पुढील निर्णय होईपर्यंत अभ्यासिकेत प्रवेश नाही.

पत्र मीच दिलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं. मग विचारलं, "तक्रार तुमीच लिवली का, ताई?" हो म्हटलं. "अक्षर छान हाय," म्हणाला. अकरा नंबरवरची वही उचलली आणि गेला. त्याची परीक्षा मे महिन्यात आहे.

न्याय करताना मनाला त्रास होतो. होऊ द्यायचा असतो.

४ एप्रिल, शुक्रवार

अलार्म चार वेळा. रुद्रेश नसतानाही. म्हणजे त्याने आत काहीतरी ठेवून दिलेलं आहे.

घरी तक्रारीबद्दल सांगितलं होतं. आज आबा दुपारीच मोंढ्यातून आले, चेहरा लाल. माय म्हणाली, काय झालं? ते म्हणाले, काय न्हाई, ऊन हाय. मी विचारलं नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी रूपाली घरी आली आणि दारातूनच सुरू झाली. "निजामाची तहसील लावलीस व्हय गं तिथं? त्यानं तोंडानं सांगितलं तर ऐकत न्हाईस, लिहून दिलं तर वाचत न्हाईस. तुला सांगायचं तरी कसं? दवंडी द्यावी का?" मी म्हटलं, हळू बोल, शेजारी ऐकतील. ती म्हणाली, "ऐकू दे की. आख्ख्या अभ्यासिकेला ठावं हाय. तुला सोडून."

मला हाताला धरून अभ्यासिकेत नेलं. फाइल काढली. अर्ज क्रमांक १. मजकूर, जो मी आज पहिल्यांदा वाचला :

'संगणकाच्या पंख्याचा आवाज फार मोठा असून अभ्यास होत नाही. तरी सदर आवाज बंद करण्यात यावा. श्री. रुद्रेश हे काम करण्यास तयार आहेत.'

वर : मंजूर. माझी सही.

कागद उलटा केला. मागे :

'मा. व्यवस्थापक मॅडम, पंख्याचं बेअरिंग खराब आहे म्हणून आवाज येतो. मंजुरीप्रमाणे सील कापून पंख्याची वायर काढली आहे. नवीन पंखा बसेपर्यंत मशीन दहा मिनिटांच्या वर चालवू नये, तापेल. नांदेडहून पंखा मागवतो. आला की परवानगीचा अर्ज देतो. आपला, रुद्रेश.'

व्याकरणाची एकही चूक नाही.

मी म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या माझी मंजुरी आवाजापुरती होती. रूपालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "आधी वाटलं, गंमत हाय, कळंल तुला. मग तू माझ्याशी बोलंनास. मग तू त्याला काढलंस."

तिने नाण्याने दोन स्क्रू काढले. झाकण बाजूला. आत वायरची नीट घडी घालून रबर बँड लावलेला होता, कुठे लागू नये म्हणून. तिने ती जागेवर खोचली. अर्धं मिनिट. गर्रर्र सुरू झालं. सकाळची इंग्रजी ओळ आली नाही. मशीन दोन तास चाललं, अलार्म नाही.

पंख्याला सात पाती आहेत.

उद्या सकाळी पहिलं काम : सरांकडे जाऊन तक्रार मागे घेणे.

७ एप्रिल, सोमवार

सरांकडे गेले. पाहुणे होते. अशी गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. चहा घेऊन परत.

८ एप्रिल, मंगळवार

दिवसभर साफसफाई. जाळी काढली, सुतळीची किल्ली की-चेनला लावली. सरांकडे जायला निघणार होते, पण विचार केला : समितीच्या आदल्या दिवशी सरांना धक्का देणं बरं नाही, त्यांचं बीपी आहे. समिती गेल्यावर सगळे शांतपणे ऐकून घेतील. रुद्रेशचेही यात दोनच दिवस जातात. त्याला दुकान आहे.

रूपालीने विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे.

९ एप्रिल, बुधवार

समिती अकराला येणार होती, अडीचला आली. तिघे. संगणक एक तास दहा मिनिटं चालला. सलग. आवाजामुळे समितीच्या अध्यक्षांना दोनदा ओरडून बोलावं लागलं. त्यांच्यातल्या मॅडमनी विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, कूलिंग सिस्टिम.

मग अध्यक्षांनी फाइल चाळली आणि तक्रारीपाशी थांबले. मोठ्याने वाचायला लागले. सीलभंग, तक्ता, सगळं. म्हणाले, "वा. घात पकडला. अशी दक्ष मुलगी खेडोपाडी पाहिजे." शेषेराव सरांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत पहिल्या आलेल्या मुलाकडे बघतात तसं.

रूपाली तेव्हा संगणकावर सराव परीक्षा देत होती. तिची बोटं थांबली. ती वळली नाही.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात चहा आला आणि कप कमी पडले, म्हणून मला उठावं लागलं.

आदेश त्याच संगणकावर टाइप झाला. मीच टाइप केला. गोल शिक्का. माय बाहेरून दोनदा सहज गेली.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी आबांनी आदेश प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोंढ्यात नेला. संध्याकाळी परत आले ते कागद छातीशी धरून. जेवायला बसल्यावर खुशीत सांगायला लागले. म्हणाले, तुला सांगितलं न्हवतं, त्या दुकानवाल्या पोराला मी ४ तारखेला चांगला घेतला. स्टँडसमोर, भर बाजारात. गळपट्टी धरली. म्हटलं, माझ्या पोरीच्या पोटावर पाय देतो का रे, चोरा. लोक जमले.

मी विचारलं, तो काय म्हणाला?

"काय म्हणतंय. 'काका, बसा, पानी प्या,' म्हणला. चोर हाय म्हणून गप बसला."

हातातला घास ताटात ठेवला. मग सांगितलं. पहिला अर्ज, मागचा मजकूर, वायर, सगळं. सांगताना मध्येच आवाजाची मंजुरी आणि वायरची मंजुरी यांतला फरक समजावायला लागले, तर माय म्हणाली, गप.

आबांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "तुला कवा कळलं?"

रविवारी, म्हटलं.

ते म्हणाले, "आज गुरवार हाय."

हात धुतला, चपला घातल्या आणि गेले. तासाभराने परत आले. कुठे गेले होते ते माहीत आहे. मी बरोबर जाऊ शकले असते, पण त्यांनी बोलावलं नाही. मी उठलेही नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

चार पानी निवेदन लिहिलं होतं. जाताना फाडलं. सरांसमोर सात ओळींत झालं.

मला वाटलं होतं सर उठून पाठीवर हात ठेवतील. म्हणतील, चूक कबूल करायला धैर्य लागतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मग मी त्या पोराला काढलं ते कशावर?" वीस वर्षं मुख्याध्यापकी केलेल्या माणसाचा आवाज असा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, तक्रार मागे घेतलीस तर मला नांदेडला कळवावं लागेल. आदेश थांबेल. पुन्हा निघेलच असं नाही. विचार करून सांग.

मी लगेच सही केली. विचार करायला बसले असते तर काय झालं असतं, ते या वहीत दोन पानं मागे लिहिलेलं आहे. सरांनी आदेश परत मागितला. तो घरी होता. आबांनी ट्रंकेतून काढून दिला, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

दुपारी चारला गर्रर्र एकदम थांबलं. बेअरिंग पुरतं गेलं. मग पीं-पॉं. केवळाबाई नेहमीप्रमाणे रुद्रेशला बोलवायला गेल्या आणि एकट्याच आल्या. "येत न्हाई म्हणला. खोलीत यायची बंदी हाय म्हणला. लई चिडून न्हाई म्हणला, साधंच म्हणला. मशीन दुकानात आणून द्या, पंखा हाय माझ्याकडं, म्हणला."

बंदी उठल्याचं पत्र सर सोमवारी काढणार आहेत.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.४०

रुद्रेशच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून लिहिते.

सकाळी आबांना म्हटलं, मोंढ्यात जाताना एवढं मशीन स्टँडपर्यंत नेऊन देता का? ते रोज क्विंटलची पोती उचलतात. त्यांनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तूच उचल," म्हणाले.

डोक्यावर बसेना. शेवटी कडेवर घेतलं, लेकरू घेतात तसं. अभ्यासिकेपासून स्टँडपर्यंत बाजार भरलेला. भाजीवाल्या सिंधुमावशीने विचारलं, "काय झालं गं साहेबाच्या मशीनला?" मी म्हटलं, पंखा गेला. पुढे आणखी सात जणांनी विचारलं. सातही जणांना हेच सांगितलं. पाचव्यापासून 'माझ्यामुळे' असंही म्हणायला लागले, पण तोवर ते पुढे गेलेले असायचे.

दुकानात गर्दी. रुद्रेश भिंगाखाली एका मोबाइलचं काहीतरी करत होता, ओठांत बारीक स्क्रू धरलेला. मी म्हटलं, रुद्रेश, मला तुमच्याशी— त्याने मान न उचलता बोटाने बाकाकडे दाखवलं. स्क्रू तोंडातून काढला आणि म्हणाला, "ठिवा तिथं, ताई. नंबर लागला की बोलू."

मशीन मांडीवर आहे. काय बोलायचं ते ठरवते आहे. तीन वाक्यं जमली होती, त्यांतल्या दोन वाक्यांत 'परंतु' आलं म्हणून खोडली.

माझ्यापुढे सहा जण आहेत. शेजारी एक आजी बसल्या आहेत, त्यांच्या मोबाइलमधून लेकीचा आवाज येत नाही. मला विचारलं, तुजं काय बिघडलंय? मी सांगायला लागले. पहिल्या दिवसापासून. त्या ऐकून घेत आहेत.

त्यांचा नंबर लागला. आता पाच.